भिंगरीने न सोडलेली काठी

मित्रांनो, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीला टेकून एक लांबलचक जुनी काठी उभी आहे. टोकाला सायकलच्या ट्यूबचे काळे रबर गुंडाळलेले, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेली, खालच्या बाजूला थोडी तडकलेली. ती काठी म्हणजे मी. तुम्ही मला पाहिले असते तर जळमटे काढायची काठी समजला असता. मला राग आला नसता, कारण आता माझा उपयोग खरोखर तेवढाच उरला आहे.

माझा जन्मच मुळी एका चुकीतून झाला. नगरपालिकेच्या सभागृहात पडदे लावायचे होते. सुताराने चांगले लाकूड निवडून मला तासले, रंधा मारला, पॉलिश केले. पण माप घेणाऱ्या साहेबांनी खिडकीऐवजी सगळी भिंतच मोजून ठेवली होती. मी काही केल्या खिडकीवर बसेना. सुतार म्हणाला, "कापून देतो." साहेब म्हणाले, "कापलीस तर चूक झाली हे सगळ्यांना कळेल. राहू दे तशीच." मग मला गोदामात टाकले. तिथे पोहणे शिकवणाऱ्या मास्तरांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला खांद्यावर घेतले आणि कुणाला काही न विचारता चालू लागले.

मास्तरांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. पुढे पुढे तर त्यांना पाण्यात उतरणेच जमेना. आवाज मात्र ठणठणीत. मुलांवर ते असे खेकसायचे की पायऱ्यांवर बसलेल्या आया ताडकन उभ्या राहायच्या. "पोहायला आलास की पाणी प्यायला? दुसऱ्यांनाही ठेव थोडं!" हे तर रोजचेच. त्यांच्या हाताखाली एका वेळी खंडीभर पोरे असत. कुणाचे नाव लक्षात राहणार? ते सगळ्यांना 'ए बेडका' म्हणायचे. मुलींनाही.

पण शिकवण्याची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीत मला फार मान होता. मूल पाय मारायला शिकले की मास्तर त्याला खोल बाजूला न्यायचे. स्वतः काठावरून चालायचे आणि माझे रबराचे टोक मुलाच्या हाताशी धरायचे. पहिल्यांदा मूल मला असे कवटाळायचे की माझा जीव गुदमरावा. मग मुठी सैल व्हायच्या. मग नुसती बोटे टेकायची. आणि एक दिवस मास्तर मला गुपचूप वीतभर पुढे सरकवायचे. मूल मला पकडायला येई, मी आणखी थोडी पुढे. असे करता करता समोरची भिंत यायची. मूल मागे वळून पाहायचे आणि त्याला कळायचे, की आपण केव्हाच काठी सोडली आहे. मित्रांनो, तेव्हा त्या मुलाच्या तोंडावर जे काही उमटायचे ते पाहण्यासाठी मी सगळा जन्म पाण्यात भिजायला तयार होते. खिडकीवर चढले असते तर हे सुख मला कुठून मिळाले असते?

मास्तरांचा एक नियम होता. खोल बाजूच्या तळाची फरशी वरून दिसली, तरच ते मला मुलाच्या हातातून काढायचे. पाणी गढूळ असेल तर नाही म्हणजे नाही. ते म्हणायचे, "पोर बुडालं तर मला दिसलं पाहिजे. मला उडी मारता येत नाही, पण माणसाला बोट दाखवून सांगता तरी येईल." पाण्यात उतरायला एक जीवरक्षक होता. तो बोट दाखवलेल्या जागीच उडी मारू शकत होता. नियम बरोबर होता. आजही मी त्याला नावे ठेवणार नाही.

पुढे तलाव म्हातारा झाला. पंप वरचेवर रुसू लागला, फरश्या निघाल्या, मुलींच्या खोलीची कडी तुटली. आणि याच दिवसांत एका घरातल्या दोघी जावा आपापली मुले घेऊन आल्या. थोरलीचा गोटू आणि धाकटीची भिंगरी. गोटू अंगाने गुबगुबीत आणि पाण्याला भिणारा. भिंगरी काटकुळी, पायाला भिंगरी लावल्यासारखी सतत इकडून तिकडे. तिचे हेच नाव घरात पडले होते.

धाकटी एका लाँड्रीत इस्त्रीचे काम करायची. बोलणे इतके हळू, की तिकिटाच्या खिडकीतला माणूस तिला दोनदा विचारायचा. थोरली अगदी उलट. ती एका कचेरीत होती आणि तक्रार कशी करायची हे तिला कुणी शिकवावे लागत नव्हते. पाणी हिरवट दिसले की ती तडक खात्याच्या साहेबांकडे जायची, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसायची आणि उठायची नाही. साहेब जेवायला गेले तर ही तिथेच आपला डबा उघडायची. एकदा तिने साहेबांच्याच टेबलावर भाजी सांडली म्हणे. संध्याकाळच्या आत पंपवाला हजर! मुलींच्या खोलीला नवी कडीसुद्धा तिच्यामुळेच बसली. खात्यातली माणसे तिला पाहिले की कपाळाला हात लावायची. मास्तर तिच्याशी कडाकडा भांडायचे, पण ती गेली की मला म्हणायचे, "बाई आहे म्हणून तलाव आहे."

एक दिवस गोटूच्या नाकातोंडात पाणी गेले. तो रडू लागला तसे मास्तर नेहमीसारखे खेकसले. थोरली पायऱ्या उतरून आली. "मुलं आहेत ती, म्हशी नाहीत!" एवढेच म्हणून तिने गोटूला टॉवेलात गुंडाळले आणि घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि पायरीवर धाकटीच्या शेजारी बसली. मी मागेच भिंतीला होते.

"मी काल तो खासगी तलाव बघून आले," थोरली म्हणाली. "अगं, पाणी कोमट. एका ताईकडे चारच मुलं. कंबरेला फुगीर पट्टा बांधतात, कुणी ओरडत नाही. गोटूचं नाव घालून आले. भिंगरीचंही घालू का? पैशांचं मी बघते, तू बोलूच नकोस."

धाकटीने पाण्याकडे बोट केले. भिंगरी तेव्हा उथळ बाजूला एका तरंगत्या फळकुटावर नुसती बोटे टेकून पाय मारत होती, कारण मास्तर चहाला गेले होते.

"वहिनी, पैशांचं नाही हो," ती म्हणाली. "मास्तर म्हणाले, ती आता चार दिवसांत काठी सोडेल. इतकी जवळ आलीय. आता तिथं नेलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि इथलं पाणी?"

"तुम्ही आहात ना बोलायला."

थोरली हसली. "आता मी कशाला येतेय इथं?" ती सहज म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. धाकटीही हसली.

त्या दोघींनी आपापल्या लेकराचा विचार केला. त्यात कुणाचे काय चुकले, हे मला अजूनही सांगता येत नाही.

थोरली गेली आणि तिच्या मागोमाग आणखी काही आया गेल्या. ज्यांना जाणे परवडत होते आणि ज्यांना बोलणे जमत होते, त्या बहुधा त्याच बायका निघाल्या. पायऱ्या रिकाम्या दिसू लागल्या. खात्यातल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि त्याच आठवड्यात पंप बंद पडला.

पाणी आधी पांढुरके झाले, मग हिरवट. खोल बाजूची फरशी दिसेनाशी झाली. भिंगरी रोज यायची. तिची बोटे माझ्या रबरावर इतकी हलकी असायची, की पाखरू बसल्यासारखे वाटे. ती तयार होती. मला ते तिच्या बोटांवरून कळत होते, मास्तरांना तिच्या पायांवरून. पण मास्तर पाण्याकडे पाहायचे, तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे आणि म्हणायचे, "धर, बेडका. घट्ट धर. आज सोडायचं नाही."

"उद्या?" भिंगरी विचारायची.

"उद्या बघू."

धाकटी साहेबांकडे गेली. दारातच उभी राहिली. शिपाई म्हणाला, "उद्या या." ती दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून गेली. साहेब बैठकीत होते. ती परत आली आणि मास्तरांना म्हणाली, "मला नाही हो जमत वहिनींसारखं बसायला."

शेवटी तिने थोरलीलाच गळ घातली. थोरली गेलीही. तिने खुर्ची ओढली, ठाण मांडले. पण या वेळी साहेबांनी हसून विचारले, "बाई, तुमचा मुलगा आमच्याकडे शिकतो का?" थोरली काम न होताच खुर्चीवरून उठली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. हे तिनेच पायरीवर बसून धाकटीला सांगितले. "कुठल्या तोंडानं भांडू गं मी? माझा पाय निघाला ना इथून." त्या दिवशी गोटूही तिच्याबरोबर आला होता. खोटे कशाला सांगू, तो छान पोहायला शिकला होता. कोरड्या फरशीवर पालथा पडून त्याने आम्हाला हात कसे मारायचे ते करून दाखवले, आणि हात अगदी बिनचूक पडत होते.

इकडे भिंगरीची बोटे बदलत चालली होती. रोज 'घट्ट धर' ऐकून ऐकून ती खरोखरच घट्ट धरू लागली. पाखरू उडाले आणि मूठ आली. मी रबराची असते तर रडले नसते, पण मी लाकडाची आहे, मला सगळे जाणवते. एका सकाळी फाटकावर पाटी लागली, 'दुरुस्तीसाठी बंद'. दुरुस्तीला कुणी आले नाही. पाणी सोडून दिले गेले. मास्तरांची बदली बागांच्या खात्यात झाली.

'पैशांचं मी बघते' हा शब्द थोरलीने मग पाळला. एक दिवस ती भिंगरीला पाहुणी म्हणून खासगी तलावावर घेऊन गेली. तिथल्या ताईंनी तिच्या कमरेला पट्टा बांधला, गोड बोलल्या, "सोड हात, मी आहे." भिंगरीने काठाचा गज जो धरला तो सोडला नाही. ताई म्हणाल्या, "आम्ही जबरदस्ती करत नाही. तिची इच्छा झाली की आणा." तिची इच्छा पुन्हा झाली नाही. पाण्याचे नाव काढले की ती दुसऱ्या खोलीत जायची.

हे सगळे मला कसे कळले? मास्तर आपली शिट्टी आणि चपला न्यायला शेवटचे आले, तेव्हा धाकटी भिंगरीला घेऊन त्यांना भेटायला आली होती. तिने हळू आवाजात सगळे सांगितले. मग विचारले, "मास्तर, पुढच्या वर्षी सुरू होईल ना हो?"

मास्तरांना गोड बोलता येत नव्हते. "नाही होणार," ते म्हणाले.

भिंगरी माझ्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती मास्तरांना म्हणाली, "मला येत होतं ना?"

"येत होतं, पोरी." बेडका म्हणाले नाहीत.

"मग तुम्ही काठी काढली का नाही?"

मास्तरांचा तो ठणठणीत आवाज मला ऐकायचा होता. गढूळ पाण्याचे, पंपाचे, साहेबांचे, काहीतरी त्यांनी सांगायला हवे होते. त्यांनी नुसती शिट्टी खिशात टाकली आणि गुडघे धरून पायरीवर बसले. थोड्या वेळाने मायलेकी निघून गेल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे काही मागतो, की आम्हाला जपा, पुसा, रंग द्या. मला रंग नको. मुलाला चांगले पाणी मिळत असेल तिकडे त्याला जरूर न्या. कोणती आई नेणार नाही? फक्त जाताना मागे वळून इथल्यांसाठीही भांडत राहा, तुमचे मूल इथे नसले तरी. हे मी मागते खरी, पण फाटकाला कुलूप आहे आणि माझे बोलणे पाटीपलीकडे जात नाही. मोठ्या आशेने बोलते आहे असे समजू नका.

भिंगरी मोठी होईल. शाळेची सहल कधीतरी पाण्याकाठी जाईल. बाकीच्या मुली आरडाओरडा करत पाण्यात उतरतील आणि ती काठावर त्यांचे कपडे आणि घड्याळे सांभाळत बसेल. कुणी हाक मारली तर म्हणेल, "तुम्ही जा, मला पोहता येत नाही." तिच्या मैत्रिणींना ते खरे वाटेल. हळूहळू तिलाही वाटू लागेल.