आहेस, नाहीस आणि मी

मी एक जुना खोडरबर आहे, मित्रांनो. एकेकाळी चांगला बोटभर होतो, आता करंगळीच्या नखाएवढा उरलो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चित्रकाराच्या हाती पडावे अशी फार इच्छा होती. नशिबी आला एक कवी.

तो शिसपेन्सिलीने लिहायचा आणि अधूनमधून मला म्हणायचा, "तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं." माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचे. पण त्या वर्षी त्याच्या वडिलांनी अंथरूण धरले आणि माझी शांतता गेली. रोज सकाळी न चुकता देवापुढे हात जोडणारे ते म्हातारे गृहस्थ लेकाला म्हणाले, "देवावर एक कविता लिही. जाण्याआधी ऐकायची आहे."

कविता झाली, शेवटची ओळ होईना. 'तू आहेस' असे तो लिही, उठून येरझाऱ्या घाली आणि मला घासून ते पुसून टाकी. मग 'तू नाहीस' लिही. तेही पुसायला मीच. खोटे त्याला लिहवत नव्हते आणि खरे काय ते कळत नव्हते. तो तळमळत होता, मी झिजत होतो.

त्याच्या कवितांची शाईने स्वच्छ प्रत करायचे काम थोरल्या बहिणीचे. एका दुपारी तिने ती रिकामी जागा पाहिली, आपल्या मनाने 'तू आहेस' लिहिले आणि वडिलांना वाचूनही दाखवले. कवी भडकला. शाईवर मला घासू लागला, तर नुसते काळे फराटे उठले.

"ताई, माझ्या तोंडी तुझं उत्तर का घातलंस?"

"अरे, बाबांकडे दिवस किती उरलेत?"

तेवढ्यात आतून वडिलांची हाक आली, "त्याच्या हातचा कागद आणा."

पेन्सिलीचा तो कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या शब्दांच्या खुणा एकावर एक दिसत होत्या.

"हे दोन्ही तूच लिहिलंस?"

"बाबा, मला जमलं नाही."

"लेका, साठ वर्षं हात जोडतोय. माझंही रोज हेच चालतं. कुणाला बोललो नाही इतकंच."

त्यांनी तो कागद उशाशी ठेवून घेतला. ताई मात्र डोळे पुसत बाहेर गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे, खोडताना फार जोर लावू नका. पुसता पुसता तो पेन्सिलीचा कागद फाटला असता, तर त्या म्हाताऱ्या माणसाला कुणाची सोबत मिळाली असती?