फिटच्या गोळीचा आकडा

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गाळाच्या खताचे ढीग लावणाऱ्या माणसाला आम्ही सगळे आचारी म्हणतो. गाळात लाकडाचा भुसा किती घालायचा, ढीग कधी परतायचा, यात तो साहेबांचंही ऐकत नाही. वाफाळत्या ढिगातून मूठभर उचलून, वास घेऊन "अजून कच्चं आहे" म्हणतो. प्रयोगशाळा माझी. लोकांनी गिळलेल्या औषधांपैकी खतात किती उरलं, ते मी मोजते.

यंदा दुखण्यावरच्या गोळ्या महिन्याभरात जवळपास नाहीशा झाल्या. फिट येऊ नये म्हणून घेतात ती गोळी मात्र नव्वद दिवसांनंतरही तशीच. तिचा आकडा खाली येईपर्यंत खत बागांना द्यायचं नाही, असा वरून हुकूम आला. आचाऱ्याने ते फार मनाला लावून घेतलं. भुसा वाढवला, ढीग जास्त वेळा परतला. आकडा ढिम्म. "ताई, तुमचं मशीनच बिघडलंय," म्हणाला. मशीनला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मीही सुनावलं, "ढीग कच्चा तुमचा, नि मशीनच्या नावाने बोंब!" तो हा राग रोज घरी नेत होता, हे मला काय ठाऊक?

सोमवारी आला तो दारातच उभा राहिला. त्याच्या नववीतल्या मुलीला शाळेत फिट आली होती, चार वर्षांनी. दप्तरात रुमालात बांधलेल्या अकरा गोळ्या सापडल्या.

"जेवताना मी त्या गोळीला शिव्या घालायचो, ताई. आपली पोरगी तीच घेते, हे डोक्यातच आलं नाही. म्हणते, मी बंद केली की बाबांचं खत पास होईल. डॉक्टर सांगून थकले, गोळी घ्यायला तोंडच उघडत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकदा शून्य लिहून द्या ना. तिला दाखवतो."

बावीस वर्षांत मी एकही आकडा बदललेला नाही. त्या दिवशी पेन हातात घेतलं होतं, खोटं कशाला बोलू? मला त्याची इतकी दया आली. पण शून्य बघून तिला वाटलं असतं, आपण बंद केली म्हणूनच गेली.

"तिला घेऊन या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. भुवईवर टाके होते. मी ताज्या गाळाच्या महिन्याभरातल्या आकड्यांचा खरा कागद तिच्यासमोर ठेवला.

"अकरा दिवस तू घेतली नाहीस. आकडा हललाय? ही गोळी घेणारे हजारो आहेत, बाळा. एकट्या तुझ्याने काय होणार?"

तिने कागद दोनदा वाचला. "बाबा, म्हणजे तुमचं खत नापासच होणार?"

"होऊ दे की!" आचारी म्हणाला. "तुझी गोळी रोज माझ्या ढिगात आली पाहिजे. ती आली म्हणजे तू बरी आहेस. नाही आली तर मी खत करू कशाला?"

मी पाणी आणलं, त्याने खिशातून गोळी काढून दिली. मुलीने गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली.

"आ कर," तो म्हणाला. तिने तोंड उघडलं, आणि रिकामी जीभ बघून तो माझ्यासमोर ढसाढसा रडला.