कॅन सोडायचा दिवस

"आबा, इहिरीत कोंबड्या पवत्यात!"

दिशा नाक दाबून पळत आली. लिंबाखाली बाजेवर बसून छगन दोराचा पीळ तपासत होता. सुट्टी लागल्यापासून नात पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून विहिरीत डुंबत होती. आज कॅन सोडायचा, नुसता कमरेला दोर लावून पोहायचं, असं ठरलं होतं. ते बघायला वाडीवरची सगळी पोरं उघड्या अंगानं हजर.

छगननं विहिरीच्या काठावरून वाकून पाहिलं. पाणी दिसतच नव्हतं. पांढऱ्या, फुगलेल्या ब्रॉयलर कोंबड्या, पाय वर, चोची उघड्या, वर माश्यांचं घोंगावणं. वास उन्हात शिजून घशाला चिकटत होता.

"रामाऽ!"

त्याचा पोरगा पोल्ट्रीतून मोबाईल कानाला लावूनच आला. "वरडू नका. काल तुमी घोडेगावच्या बाजारला गेल्ता. दुपारी लाईट गेली, पंखे बंद. उकाड्यानं निम्म्या कोंबड्या मेल्या. कुठं पुरायच्या? भुई दगडावानी झालीया."

"म्हनून इहिरीत?"

"तिचं आता काय काम? ठिबक बोअरवर चालतंय. खड्डाच हाय तो."

खड्डा! पोहायला शिकायच्या पहिल्या दिवशी भिऊन ह्यानं बापाच्या मानेत नखं रुतवली होती, ती ह्याच पाण्यात. आणि बाकीची वाडी? काल कोंबड्या ओतताना चार जणांनी तरी पाहिलंच असणार. बोललं कोण? ज्याची त्याची घाण कुठल्या ओढ्यात सडतेय, हे ज्याला त्याला ठाऊक. सगळे मिळून नाक दाबून गप्प.

"पोरान्ला शेततळ्यात शिकवा की," राम म्हणाला.

"त्या प्लास्टिकवर पाय ठरत न्हाई. आसारामचं पोरगं कसं गेलं, इसरलास? ह्या पोरी बी उद्या तिथंच पानी आनायला जानार. पवता नको यायला?"

रामनं मान फिरवली. "कोंबड्यांचा एजंट यायलाय," म्हणून शेडकडे निघून गेला.

छगननं विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणून आत सोडला. एक कोंबडी वर आली. अर्धीच. उरलेली पचकन खाली पडली. म्हातारा बांधाला टेकून भडाभडा ओकला. माणसाची जातच घाणेरडी, असं काहीसं पुटपुटत त्यानं तोंड पुसलं.

दिशा मागं उभी होती. "आबा, मंग आज कॅन न्हाई सोडायचा?"

छगननं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या पाठीचा कॅन सोडून भिरकावून दिला.

"बाजंवर पालथी पड. हात लांब टाक. पाय झाड. गुडघ्यातनं नगं, मांडीतनं!"

पोरं खिदळली. मग त्यांतला आदिनाथ तापल्या मातीत पालथा पडला, त्याच्यामागं बाकीची. ढेकळांत हातपाय झडू लागले, धुरळा उठला. "सुसर आली रं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं वावर हसलं.

छगननं दोर दिशाच्या कमरेला बांधला.

"हितं कुठं बुडती मी?" ती हसली.

त्यानं दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. वारा फिरला. विहिरीचा वास आला तशी पोरांनी नाकं दाबली. दिशाचे हात चालूच होते. छगननं दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि पाय रोवून उभा राहिला.