फणसाला दम

अंजुमच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका थांबण्यावर उभा होता. मायक्रोवेव्हच्या भट्टीत फणसाचे गरे सुकवण्यासाठी सलग तापवले, तर ते आतून करपतात. म्हणून थोडं तापवायचं, थांबायचं, आतलं पाणी हळूहळू बाहेर सरकू द्यायचं आणि मग पुन्हा तापवायचं. किती तापवायचं नि किती थांबायचं, याचं गणित तिनं मांडलं होतं. गणित चोख होतं, पण तिच्या मार्गदर्शक सुलक्षणा मॅडमना चोख गोष्टीत खडा टाकल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. दोनदा त्यांनी प्रबंध परत पाठवला होता.

"प्रयोगशाळेत सगळेच शहाणे असतात," त्या म्हणाल्या. "खेड्यात, दुसऱ्याच्या हातानं करून दाखवा. तुम्ही भट्टीला बोट लावायचं नाही. आता चुकलं तर तुमची पीएच.डी. संपली म्हणून समजा."

म्हणून दोन हजार चारच्या मे महिन्यात भट्टी जीपमधून मार्गासनीला आली. बचतगटाच्या खोलीत मांडामांड झाली, पण गटाच्या बायका भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, पालापाचोळा जाळून जमीन तयार करायला, शिवारात गेलेल्या. हे होणार, याचा अंदाज असल्यानं अंजुमनं भोरहून आपल्या खालाला, म्हणजे मावशीला, एस.टी.नं बोलावून घेतलं होतं. ही कोण, कुठली, हे मॅडमनी विचारलं नाही. लुगड्यातल्या बाईची चौकशी करायची त्यांना सवय नव्हती.

खुर्शिदाखाला भोरात लग्नाकार्याच्या बिर्याण्या शिजवायची. अंजुमचे अब्बा शफी यांनी "पुरे झालं शिक्षण" म्हटलं, त्या दिवशी खाला पोरीचं बोचकं उचलून आपल्या घरी घेऊन गेली होती. "तुमाला जड झाली आसंल पोर, मला न्हाई," एवढंच बोलली. तेव्हापासून अंजुम तिच्याकडेच राहत होती.

"बाईला कळेल असं सांगा," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजी झाडू नका."

अंजुम म्हणाली, "मी हात वर केला की तापवायचं. खाली केला की दम द्यायचा."

तिच्या मनात दम म्हणजे विसावा. जिना चढून आल्यावर माणूस घेतं, तो दम.

"दम द्यायचा? फणसाला?" मॅडम खो खो हसल्या. "अहो, तुम्ही संशोधक की फौजदार?"

खालाचा चेहरा मात्र उजळला. "दम व्हय! मंग आदीच सांगायचं की. जलम गेला माजा दम देन्यात."

अंजुमचा हात खाली आला. खालानं भट्टी बंद केली नाही, बटण मंद आचेवर फिरवलं आणि पातेल्यावर ठेवावा तसा दारावर हात ठेवून समाधानानं उभी राहिली. दम म्हणजे झाकण घट्ट नि आच मंद. हे तिला सगळ्या भोरानं खाऊन पटवलं होतं. अंजुमची नजर भट्टीखालच्या काट्यावर, गऱ्यांच्या घटत्या वजनाच्या आकड्यांवर. भट्टीची घरघर चालूच आहे, हे घाबरलेल्या पोरीच्या ध्यानात आलं नाही. आकडे गणिताच्या रेषेखाली घसरू लागले, तेव्हा तिला वाटलं, काटाच बिघडला. मग वास आला, मग धूर. दार उघडलं, तर गरे वरून पिवळे आणि आत कोळसा.

मॅडमनी एक गरा चिमटीत धरून फोडला. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "गणित चुकलं की बाई चुकली? एका शब्दात सांगा."

अंजुमला सगळं कळलं होतं. चुकला होता शब्द, आणि तो तिचा होता. पण तसं म्हणावं, तर पीएच.डी. संपली.

"बाई," ती म्हणाली. मग, कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाली, "अडाणी आहे. सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. कामाला म्हणून धरून आणलेली."

खालानं पदरानं तोंड पुसलं आणि काळी झालेली ताटली घासायला बाहेर नेली.

तेवढ्यात शिवारातून गटातली फुलाबाई परतली. मॅडमनी तिलाच उभं केलं. या खेपेला अंजुम म्हणाली, "हात खाली केला की बंद करायचं." दारात ताटली घासणाऱ्या खालानं "बंद" हा शब्द ऐकला आणि तिचा हात थांबला. तिनं अंजुमकडे पाहिलं. अंजुमनं आकड्यांकडे पाहिलं. आकडे रेषेवर बसत गेले, आणि शेवटी मॅडमना नाइलाजानं "ठीक आहे, करा सादर" म्हणावं लागलं. सहा वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती गोष्ट हातात आली, आणि अंजुम दाराकडे न बघता भट्टीची वायर गुंडाळत राहिली.

भोरकडे निघालेली जीप फाट्यावर आली, तर खाला उन्हात एस.टी.ची वाट पाहत उभी. जिंकू न दिल्याचा राग मॅडमना कुठंतरी काढायचाच होता. त्यांनी जीप थांबवली.

"अहो, ही आपली कोळसेवाली! नाक तर हुबेहूब तुमचंच हो, अंजुम. नात्यातली का?"

अंजुमनं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती, ते तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही, कारण खालाच आधी बोलली.

"न्हाई मॅडम. माजं हितं कुनी न्हाई. तुमी जावा, माजी एस.टी. यील."

जीप निघाली. भोरात उतरल्यावर अंजुमला जायला एकच घर होतं, आणि त्याची किल्ली खालाच्या कमरेला होती.