फुलीपाशी थांबलेली रेघ

कर्र... दुपारच्या शांततेत पाळण्याची कडी करकरली आणि माझ्या अंगावरचा खडू थबकला.

मित्रांनो, मी सागवानी फळा. आता जुना झालो आहे. शिरूरच्या सत्यवान सुतारांनी मला लेकीसाठी घडवले आणि लग्नात तिच्याबरोबर दौंडला धाडले. "भांडी काय, कुनीबी दील," म्हणाले.

त्यांची लेक सारा पुण्याला जाऊन-येऊन एम्.एस्सी. करत होती. समीकरण लिहायचे आणि त्यातून उमटणारी रेघ समजून घ्यायची, असा तिचा विषय. धाकटा विल्यम झाला आणि तिचे वर्ग बुडाले. सरांनी शेवटची संधी म्हणून एकच प्रश्न दिला. एक रेघ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडते, तिथे फुली पडते. परीक्षेत ही फुली सोडवून, म्हणजे रेघ कुठेच स्वतःला चिकटू न देता मोकळी करून दाखवायची, तरच पुढे शिकता येईल.

कित्येक दुपारी तिने माझ्यावर लिहिले, पुसले. त्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या दुपारी, उत्तर सापडले! शेवटच्या ओळीखाली ती रेघ ओढत होती, सगळे कागदावर उतरवून घेणार, तोच कडी करकरली. विल्यमला पाजता पाजता तिचाही डोळा लागला.

तेवढ्यात सासूबाई, दयाबाई, आल्या. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर झाडलोट केली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी माक्याच्या रसात कोळसा खलून फळे काळे करायचे, हा तिथला रिवाज. त्यांनी मायेने मला पुसले, सारवले.

"सारा, ऊठ! बघ कसा झालाय. आता तुजा मास्तर काय बी इचारू दे!"

साराने कोरा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "छान झालाय, आत्याबाई. गालाला काळं लागलंय तुमच्या."

ती ओळ तिला पुन्हा आठवली नाही. पुण्याहून ती लवकर परतली. दयाबाईंना तिने कधीच काही सांगितले नाही.

पुढे मी रांजणावरचे झाकण झालो. ओलीने माझी कड कुजली. मित्रांनो, कुणाचे लिहिलेले पुसण्याआधी एकदा विचारत जा. मायेने पुसले तरी ते पुसलेच जाते.

काल थोरल्या मरियमने मला उन्हात वाळत ठेवले. दोऱ्याचा वळसा हवेत धरून ती माझ्यावर सावली पाडत बसली. सारा तांदूळ निवडत होती.

"आई, सावलीत फुली पडलीय. पण दोरा बघ, कुठंच चिकटला न्हाई. मंग ही फुली आली कुठनं गं?"

सारा सूप खाली ठेवून कोनाड्यात खडू शोधू लागली.