पट्टी वाचणारी

नदीच्या घाटावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी होती. ती वाचायला नेमलेला माणूस गेला. पण त्याला जाऊन दोन महिने झाले, तरी मुख्य कचेरीत रोजचे आकडे बिनचूक येत राहिले. मेलेला माणूस पाणी मोजतो कसा, हे बघायला तिथून एक मॅडम आल्या.

"आता पट्टी कोण वाचतं?"

"मीच," त्याची बायको म्हणाली.

"आणि आधी?"

"आधीही मीच. बावीस वर्षं. ह्यांचे गुडघे धरलेले, एवढ्या पायऱ्या कोण उतरणार? सही तेवढी ह्यांची."

बोलून गेली आणि मग तिच्या मनात आलं, गेलेल्या माणसाचं नाव आपणच खराब केलं की काय!

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मागच्या पुराचं विचारलं. "इशारा तर वेळेत गेला होता ना?"

"गेला की. घरातल्या कर्त्या पुरुषांच्या मोबाइलवर. ते सगळे कारखान्यात, घरात बायका आणि म्हातारी माणसं. मी पट्टी बघितली आणि धावत सुटले. नऊ घरं रिकामी केली. दहाव्या घराशी पाणी माझ्याआधी पोचलं." तिने खालच्या एका घराकडे बोट दाखवलं. "शिवणकाम करायची तिथली बाई. सासूला उठवत बसली होती."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "देशाचा हवामान आराखडा लिहितोय आम्ही. पुराचं प्रकरण तुमच्याच आकड्यांवर उभं आहे. त्यात बायकांसाठी वेगळी पानं घालायचीत मला. हे बैठकीत येऊन सांगाल?"

ती गेली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष म्हणाले, "बायकांची वेगळी पानं कशाला? पूर काय बाई-पुरुष बघून येतो?" दोघेतिघे हसले.

"पूर नाही बघत, साहेब," ती म्हणाली. "तुमचा इशारा बघतो."

मग तिने दहाव्या घराचं सांगितलं. कुणी हसलं नाही.

मॅडमनी लिहिलेल्या बारा पानांतली चार राहिली, बाकीची 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बाजूला पडली. पण इशारा घरातल्या बाईच्या मोबाइलवरही जाईल आणि गल्लीगल्लीत भोंगा लागेल, एवढं त्या चार पानांत पक्कं झालं. पट्टीची नेमणूकही तिच्या नावावर झाली.

थोरले दीर मात्र बिथरले. "भावाचं नाव पार धुळीला मिळवलंस," म्हणाले आणि बोलणंच टाकलं. तिलाही ते आतून खात होतंच.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी ते घाटावर आले. शेवाळलेल्या पायऱ्यांच्या कडेने वरपासून खालपर्यंत त्यांनी जाड दोर बांधला, हिसडा देऊन बघितला.

"धरून उतरत जा," एवढंच म्हणाले आणि चहाला न थांबता निघून गेले.