अकारण ब्रेक

एकवीस वर्षं मोठी बस चालवल्यावर मावशींना जी नवी नोकरी मिळाली, तिची मुख्य अट होती की त्यांनी गाडी चालवायची नाही. बस आपली आपणच चालायची. स्टेशन ते हॉस्पिटल, बारा आसनं, स्टिअरिंगचा पत्ता नाही. दाराजवळच्या आसनावर मावशी बसायच्या आणि त्यांच्या हाताशी ब्रेकचं एक बटण होतं. जीवावरच बेतलं तर दाबायचं, एरवी हाताची घडी घालून बसायचं. प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. त्यातला दुसरा दिवस प्रवाशांशी हसून कसं बोलावं, यातच गेला.

पहिला दीड महिना आभाळ भरलेलं होतं आणि सगळं सुरळीत होतं. मग ऊन पडायला लागलं. एका दुपारी बँकेसमोरच्या चौकात सिग्नल ढळढळीत लाल असताना बस जरा हळू झाली आणि सरळ पुढे निघाली. डावीकडून सिमेंटचा मिक्सर येत होता. मावशींनी बटण दाबलं. मिक्सरवाल्याने काच खाली करून त्यांचा यथेच्छ उद्धार केला. गाडी त्या चालवत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

संध्याकाळी अहवाल आला. तो बसनेच लिहिला होता: ‘सिग्नल बंद होता. सेविकेने अकारण ब्रेक लावला.’

आठवड्यात असं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा भर दुपारी, त्याच चौकात. तिसऱ्या खेपेनंतर मावशींना डोळे तपासून घेण्याचं पत्र मिळालं. डॉक्टरांनी लांबची नजर उत्तम असल्याचं लिहून दिलं. तेव्हा कंपनीच्या तरुण इंजिनिअर मॅडमनी त्यांना बोलावलं आणि बसच्या कॅमेऱ्याने टिपलेले फोटो समोर ठेवले. मुलगी स्वभावाने चांगली होती, तिला अवघडल्यासारखं झालं होतं.

“मावशी, माझा तुमच्यावर अविश्वास नाही,” ती म्हणाली. “पण हे तुम्हीच बघा.”

मावशींनी बघितलं. चौक तोच, मिक्सर तोच, आणि सिग्नलचे तिन्ही दिवे काळे ठिक्कर.

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचाच भरवसा डळमळला. चौक आला की त्या शेजारच्या प्रवाशाला हळूच विचारायच्या, तुम्हाला कुठला रंग दिसतोय? बसमधली जबाबदार व्यक्ती असं विचारते म्हटल्यावर दोघं-तिघं पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेले.

मावशींच्या यजमानांनी उभं आयुष्य लग्नसमारंभांचे फोटो काढण्यात घालवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा घेऊन ते चौकातल्या फुटपाथवर उभे राहिले आणि लाल सिग्नलचे दहा फोटो काढून घरी आले. सहा फोटोंत दिवा विझलेला होता.

“अगं, हे नवे दिवे सतत पेटलेले नसतातच,” ते म्हणाले. “सेकंदाला शंभर वेळा पेटतात नि विझतात. आपला डोळा आळशी, तो मधला अंधार गिळून टाकतो. कॅमेरा चपळ. त्यात कडक उन्हात फोटो पांढराफटक पडू नये म्हणून तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात उघडून मिटतो. नेमका त्या वेळी दिवा विझलेला असला, की संपलं. दोघांचा ताल जुळला तर ओळीने कितीतरी फोटो काळेच यायचे. हॉलमधल्या दिव्यांनी माझी कमी लग्नं नासवलीत का?”

“अहो, म्हणजे बस खोटं बोलत नव्हती?”

“नाही. तिला तसंच दिसलं.”

मावशींना हायसं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. मात्र तो नेमका कोणावर काढावा, हे कळेना.

ते दहा फोटो बघून मॅडमना अर्ध्या मिनिटात उलगडा झाला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग बैठक बसली. वाहतूक खात्याने सांगितलं की दिवे नियमाप्रमाणे आहेत, नियम माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत, आणि माणसांची काही तक्रार नाही. कॅमेरे पुरवणाऱ्यांनी प्रमाणपत्र दाखवलं. चूक कोणाचीच निघाली नाही. त्यामुळे मावशींची माफीही कोणाला मागता येईना. नवे कॅमेरे यायला आठ महिने होते. तोवर मावशींनी सिग्नल बघायचा आणि लाल असेल तर एक, हिरवा असेल तर दुसरं बटण दाबून बसला कळवायचं, असं ठरलं.

“मग चालवतेच की मी,” मावशी म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी गंभीरपणे खुलासा केला की नाही, बस चालकाविनाच आहे. मावशी तिला फक्त माहिती पुरवणार.

पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मावशींनी चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा कंपनीची पंचाईत झाली. बदली माणूस नव्हता. अखेर जाहिरात निघाली: ‘चालकविरहित बससाठी अनुभवी चालक हवा.’ मावशींच्या जुन्या डेपोतले अकरा जण अर्ज घेऊन आले.

निवड झाली ती डेपोत त्यांच्यानंतरच्या पाळीला त्यांचीच बस नेणाऱ्या एका ड्रायव्हरची. पहिल्या फेरीला मावशी त्याला शिकवायला शेजारी बसल्या. तो दाराजवळच्या आसनावर अंग चोरून बसला होता आणि पाय सारखे जमिनीवर काहीतरी चाचपत होते. बँकेचा चौक आला. त्याने लाल सिग्नल बघितला आणि घाबरत घाबरत बटण दाबलं. बस रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आधी अलगद थांबली.

“ऐकते की हो,” तो म्हणाला.

“गुणी आहे,” मावशी म्हणाल्या, आणि आपण हे अभिमानाने म्हणालो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.